दुसरा कण

भोयरकाका फळ्यावर विद्युतभारित कणाची वाट मोठ्या हौसेने काढत आणि लगेच तळहाताने पुसून टाकत. उरत ते दोन ठिपके: कण निघाला ती जागा आणि पोचला ती. "मधल्या रस्त्याचं काय करून राहिली तू? निघताना ऊर्जा किती, पोचल्यावर किती, तेवढंच पाहा," म्हणत. त्यांच्या पँटवर कायम खडूचा पंजा उमटलेला असे.

भोपाळला कारखान्याच्या वसाहतीत ते आमचे शेजारी. नागपूरहून आलेले. दिवसभर ट्रान्सफॉर्मर तपासत आणि संध्याकाळी व्हरांड्यात आम्हा पाच-सहा मुलींना हौसेने भौतिकशास्त्र शिकवत. स्थितिज ऊर्जा घटली की गतिज तेवढीच वाढते, हे मी शाळेत घोकलं होतं. कळलं ते त्यांच्याकडे.

बारावीत एम. पी. नगरच्या कोचिंगला नाव घातलं आणि मला शिंगं फुटली. एकदा काकांनी एक कण तशाच भाराच्या दुसऱ्या मोकळ्या कणाकडे सोडला. म्हणाले, "जवळ जाऊन हा थांबते. सगळी गतिज ऊर्जा स्थितिज झाली."

"काका, ये गलत है," मी म्हणाले. "दुसरा कणही मोकळा आहे ना? तोही ढकलला जाईल. थोडी ऊर्जा त्याच्याकडे जाईल." मुली हसल्या, तशी मी आणखी चढले. "कोचिंगमध्ये तर हे पहिल्याच दिवशी सांगतात."

काका फळ्याकडे बघत राहिले. "बरोबर आहे. दुसऱ्याचं धरायचं राहूनच गेलं माझं," म्हणाले आणि खडू ठेवून आत गेले.

मला त्याच क्षणी लाज वाटली होती. पण माफी मागायचं सोडून मी जाणंच बंद केलं, आणि वर मैत्रिणींना सांगत सुटले, की काकांचं आता जुनं झालंय. आठवड्याभरात त्यांचा व्हरांडा रिकामा झाला. ते समोरून आले की मी सायकल वळवत असे.

निवृत्तीनंतर ते मिसरोदला राहायला गेले. तिथेच वारले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी चहा पुढे केला आणि सहज म्हणाल्या, "तू चूक दाखवली ना, तर किती खूश होते ते. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायच्या आधीच गणित नव्यानं मांडलं, दोन्ही कण धरून. म्हणे, पोरगी आली की दाखवतो. क्वार्टर सोडेपर्यंत पुसू नाही दिलं कोणाला."

आमच्या दोन व्हरांड्यांमध्ये मेंदीचं कुंपण होतं, कमरेएवढं. एकदा मान वळवून पाहिलं असतं, तरी तो फळा मला दिसला असता.