बाळंतिणीची गुहा

सिद्धगडाच्या अंगाला, ओढ्याच्या वरच्या बाजूला एक गुहा आहे. माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं तिच्या तोंडाशी, एका दगडावर बसून गेली. आत नव्हे, तोंडाशी.

आत देवी आहे, म्हणजे शेंदूर फासलेला दगड, आणि तिच्या डोक्यावर छताला लहान वाघळं. ही जात आता मोजक्याच गुहांत उरली आहे. उन्हाळा सरता सरता तिच्या माद्या इथे जमून पिल्लं घालतात. एकीला वर्षाला एकच पिल्लू. या डोंगरातलं त्यांचं बाळंतघर हे एवढंच, ते मोडलं की इथली जात संपली.

गावाचंही म्हणणं तेच होतं, फक्त देवीच्या नावानं. चैती पुनवेला गुहेच्या तोंडावर करवंदीची काटी आडवी टाकतात. देवी बाळंतीण. नागपंचमीपर्यंत आत कोणी पाय ठेवायचा नाही, दिवासुद्धा बाहेरच लावायचा. देवीचं सगळं करणाऱ्या म्हातारीला मी आत्या म्हणायचे. नात्यानं कोणी लागत नाहीत, पण माझं बिऱ्हाड त्यांच्याच ओटीवर असायचं. पहिल्याच वर्षी त्यांनी बजावलं, "तुजी मशीन बाहेरच ठेव गो बाय. बालंतिनीच्या खोलीत परका मानूस जातो काय?"

मी मानलं. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. इतर गुहांमध्ये लोकांनी आत जाऊ नये म्हणून आम्ही अभ्यासकच हातापाया पडतो, आणि इथे ते काम देवी करत होती. मी संध्याकाळी दगडावर बसायचे, माणसाच्या कानाला न येणारे वाघळांचे आवाज टिपणारं यंत्र मांडीवर घेऊन बाहेर पडणाऱ्या माद्या मोजायचे. वाघळांवरचा माझा प्रबंध तपासणाऱ्यांनी शेरा मारला, की पिल्लांच्या काळातलं आतलं निरीक्षण नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, माझी काटीपर्यंत. मुरबाडच्या जीपमध्ये बायका चेष्टा करायच्या, "वाघूळबाईला सवताचं लेकरू नाय, नि वाघलांची मोजत बसते!" मीही हसायचे. लागायचं, पण हसायचे.

मग गुहेची कीर्ती तालुक्याच्या एका कचेरीत पोचली आणि 'वटवाघूळ संवर्धन व परिसर सुशोभीकरण' मंजूर झालं. संवर्धन म्हणजे पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग आणि एक फलक. फलकावर इंटरनेटवरून उचललेलं परदेशी, रक्त पिणारं वाघूळ. आपली तर किडे खातात, असं मी सांगितलं, तर कचेरीतले साहेब म्हणाले, "मॅडम, वाघूळ ते वाघूळ." उद्घाटन ज्येष्ठात ठरलं, कारण पावसात वरचा रस्ता वाहून जातो आणि प्रमुख पाहुण्यांना नंतर सवड नव्हती.

मी कचेरीत जाऊन सांगितलं, नागपंचमीनंतर घ्या, नाहीतर निदान फीत बाहेर कापा, आत जाऊ नका. "बघू," म्हणाले. तरी मी फारशी घाबरले नव्हते. काटी होती ना! मला इतकी वर्षं अडवणारी काटी पाहुण्यांनाही अडवेल, असं मला वाटलं होतं. केवढी भाबडी मी.

उद्घाटनाच्या सकाळी सरपंचांनी आपल्या हातानं काटी उचलून बाजूला केली, पाहुण्यांच्या कपड्यांना लागू नये म्हणून. आत्या ओवाळायचं तबक घेऊन उभ्या होत्या. मी जवळ जाऊन म्हटलं, "आत्या, देवी बाळंतीण आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मोठी मानसं आलीत गो. देवी समजून घेल."

आत जनरेटरवरचा दिवा लागला आणि पाठोपाठ ताशा. गुहेत ताशा! माद्या छतावरून एकदम सुटल्या आणि वेड्यासारख्या भिंतींवर आपटू लागल्या. पिल्लांना उडता येत नाही, अंगावर अजून लव नसते. ती पटापट खाली पडू लागली. जमिनीवर पडलेलं पिल्लू आई सहसा उचलत नाही, हे वाक्य मी प्रबंधात लिहिलेलं होतं. आता डोळ्यांनी बघत होते. पाहुण्यांनी पाय मागे घेत विचारलं, "उंदीर झालेत का इथे?" कोणीतरी खराट्यानं पिल्लं कोपऱ्यात लोटली, कारण फोटो काढायचा होता.

मी खाली बसून ओढणीत पिल्लं गोळा करत होते, तेवढ्यात साहेबांनी माझ्यापुढे माईक धरला. "मॅडम, वाघळांबद्दल दोन शब्द."

मी म्हटलं, "तुमच्या पायाखाली आहेत ती."

भाषण संपलं असं ताशेवाल्याला वाटलं. त्यानं पुन्हा वाजवायला सुरुवात केली.

ओढणीतलं एकही पिल्लू जगलं नाही. माद्याही नागपंचमीच्या आधीच निघून गेल्या, कुठे गेल्या ते मला आजही माहीत नाही. मग गावात कारणं शोधणं सुरू झालं. ताशाचं नाव नाही, पाहुण्यांचं नाव नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. बिनलेकराची बाई रोज बाळंतिणीच्या दारात बसायची, तिची नजर लागली, असं ठरलं. सरपंच असं बोलले असते तर मी कानाआड केलं असतं. पण हे आत्या बोलल्या, ज्यांच्या ओटीवर मी वर्षानुवर्षं जेवले. तो राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

यंदा वैशाखात पुन्हा गेले. माझा दगड पेव्हर ब्लॉकसाठी उपटून फेकला होता, म्हणून रेलिंगला टेकून बसले. दिवस मावळला. यंत्रात रातकिड्यांशिवाय काही वाजलं नाही. चुकूनमाकून एखादी मादी आली असेल, या आशेनं उठले आणि तोंडावरच्या ताज्या करवंदीच्या काटीला हात घातला.

"हात नको लावू गो!" पायवाटेवरून आत्यांचा आवाज आला. "देवी बालंतीन हाय."

मी हात मागे घेतला. आत कोणी नव्हतं. काटी आता फक्त माझ्यासाठी होती.