सी-व्ह्यू रूम आणि आईचे गुडघे

मंडळी, आज इटलीतल्या समुद्रकाठच्या एका ट्रेकिंगवाल्या गावात पोचलो. आम्ही अमेरिकेतल्या ट्रॉयहून, आईबाबा नागपूरहून.

एअरपोर्टवर आई व्हीलचेअरवरून बाहेर आली. सोबत ढकलणारा माणूस मिळतो आणि इंग्रजी बोलावं लागत नाही म्हणून आपल्याकडचे सगळेच आईवडील ती मागतात, त्यामुळे मला काहीच वाटलं नाही.

या गावात गाडी येत नाही, नुसत्या दगडी पायऱ्या. आणि सी-व्ह्यू हवा म्हणून मी शहाण्याने रूम घेतली सगळ्यात वर! आई थोडं चढली आणि पायरीवरच बसली. "तुम्ही फिरून या रे, मी बसते सामानापाशी."

आजीचा हात धरून चढणारी लेक म्हणाली, "डॅड, आजी कान्ट वॉक. यू डिडन्ट नो?"

नव्हतं माहीत, यार. रोज व्हिडिओ कॉल करतो, पण त्यात फक्त चेहरा दिसतो.

तुम्ही तुमच्या आईला चालताना शेवटचं कधी पाहिलंत?