बंद केलेला नऊ नंबर

माझ्या दादाचा नऊ नंबर कायमचा बंद करायचं ठरलं, त्या संध्याकाळी दादा आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून भजी खात होता. हे आधीच सांगून टाकते. कारण बालाघाटात ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण चुकचुकतो आणि हळू आवाजात विचारतो, "कसा गेला?" कुठे गेला नव्हता तो. चांगला चोवीस वर्षांचा, खाऊनपिऊन धडधाकट होता. एक गुडघा तेवढा प्लास्टरमध्ये होता.

साठ सालानंतरची गोष्ट. गावाचा फुटबॉलचा संघ होता. दादा बांधकाम खात्यात कारकून, पण त्याला कारकून म्हणून कोणी ओळखत नव्हतं. पानठेल्यावर, रेशनच्या रांगेत, साहेबाच्या बंगल्यावरसुद्धा तो 'नऊ नंबर' होता. मी नऊ नंबरची बहीण. शाळेत मला त्याचा भलताच तोरा होता. संघाच्या हिरव्या जर्सींवरचे पांढरे आकडे आमची आई मशीनवर शिवून द्यायची. फुकटचं काम म्हणून कुरकुरायची, आणि नऊवर मात्र दोनदा शिलाई मारायची.

पावसाळ्यात गोंदियाच्या संघाशी सामना होता. चिखलात समोरचा गोलकीपर दादाच्या गुडघ्यावर येऊन पडला. डॉक्टरांनी मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि म्हणाले, सहा महिने थांब, मग खेळ. दादानं त्यातलं 'मग खेळ' एवढंच ऐकलं. येईल त्याला तो तेच सांगायचा.

संघातल्या एका शहाण्यानं कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं, की परदेशात थोर खेळाडूचा नंबर बंद करतात, मग तो पुन्हा कोणी घालत नाही. तिकडे हे खेळाडूचा खेळ संपल्यावर करतात, हेही त्यात लिहिलं असणारच. पण आमच्याकडे एकदा कोणाचा मान करायचा ठरला, की दम कोणाला धरवतो? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, राइस मिलच्या मागे संघाची खोली होती तिथे सगळा गाव जमला. दादाची जर्सी धुऊन, इस्त्री करून काचेच्या चौकटीत बसवली होती. नारळ फोडला. चौकटीला झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली. कप्तान दादाचा लंगोटीयार. भाषण करताना त्याला रडूच कोसळलं, आणि त्याला बघून निम्मा गाव रडला. कुबड्या मांडीवर घेऊन दादा पहिल्या रांगेत बसला होता. तो लाजून हसत होता. आई मात्र मधूनच उठली आणि चालत घरी आली.

"जित्या माणसाच्या कपड्याले हार घालते काय कोणी?" दादा घरी येताच ती कडाडली. "उदबत्ती लावते?"

"मान हाये तो, आई. तुले नाही समजत."

आईनं मीठ-मोहऱ्या घेतल्या, त्याची दृष्ट काढली आणि त्या रात्री जेवली नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय काठीसारखा झाला होता. दादा रोज सकाळी वैनगंगेच्या वाळूत धावायला जायचा. सोबत मी, परकर खोचून त्याच्याकडे चेंडू ढकलायला. आधी लंगडायचा, मग नुसताच धापा टाकायचा. होळीच्या सुमारास त्यानं त्याच पायानं असा चेंडू हाणला, की तो थेट नदीत. तो काढायला मी गुडघाभर पाण्यात शिरले आणि त्याला यथेच्छ शिव्या दिल्या. दादा वाळूत लोळून हसत होता. तेवढा आनंद मी त्याच्या तोंडावर त्याच्या लग्नातही पाहिला नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यानं कप्तानाला घरी बोलावलं. चहा मीच नेऊन दिला, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

"मी तयार आहो. येत्या सामन्यात घे मले."

कप्तान बशी ओठांपर्यंत नेऊन थांबला. "अबे, तुहा नंबर तं आपण बंद केला न."

"मंग उघड."

"काचेतून काढू? साऱ्या गावासमोर लावला यार. लोक म्हणतीन, नौटंकी होती का?"

"मंग बारा दे. नाही तं बिना नंबरचा खेळतो."

"तुले बारा नंबर?" कप्तानाचे डोळे भरून आले. खोटं नाही सांगत, खरंच भरून आले. "माह्या हातानं तुले बारा नंबर घालू? अन् एखांदा गोल चुकला तं? लोक हसतीन तुह्यावर. मी जिता हावो तोवर तुह्यावर कोणाले हसू देनार नाही."

मला त्या कप्तानाचा आजही राग येतो, आणि त्याहून जास्त राग याचा, की त्याच्यात वाईट असं काहीच सापडत नाही.

पुढे प्रत्येक सामन्याला दादाला पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची. सामन्याआधी दोन्ही संघ ओळीनं उभे राहायचे आणि दादा एकेकाशी हात मिळवत जायचा. आमचा गोलकीपर त्याच्याहून वयानं मोठा, तोही वाकून पाया पडायचा. मग शिट्टी व्हायची. खुर्चीत दादाचे पाय आपोआप हलायचे, आणि लक्षात आलं की तो ते मागे ओढून घ्यायचा.

धान निघाल्यावर एका रविवारी दादा मला म्हणाला, "चाल, राजेगावले जाऊन येऊ." कशाला, ते सांगितलं नाही. बसमधून उतरून आम्ही धान कापून मोकळ्या झालेल्या एका बांधीत, म्हणजे शेतात पोचलो. तिथे गावातल्याच दोन संघांचा सामना होता. नंबर नाही, जर्सी नाही. एक बाजू बनियनमध्ये, दुसरी उघडी. बनियनवाल्यांचा एक गडी आला नव्हता. दादानं सदरा काढून माझ्या हातात दिला, चपला बाजूला केल्या आणि सरळ आत शिरला.

तो धावत होता. बांधावर बसून मी एकटीच टाळ्या वाजवत होते. त्यानं चेंडू पायाखाली घेतला, दोघांना हुलकावणी दिली, टाचेनं चेंडू मागे सारून गर्रकन वळला, आणि तिथेच घात झाला. कोणीतरी ओरडलं, "अरे, हे तं बालाघाटचे नऊ नंबर हायेत!"

खेळ थांबला. शाळेतून खुर्ची आणली गेली. पंचांनी हात जोडले. "भाऊ, तुमाले असं मातीत खेळवावं आमी? आमाले पाप लागन."

"खेळू द्या न मले," दादा म्हणाला.

लोकांना तो विनय वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोघा-तिघांनी धरून त्याला खुर्चीत बसवलं आणि बनियनवाले एक गडी कमी घेऊन शेवटपर्यंत खेळले.

परतीच्या बसमध्ये मी त्याच्यावर तुटून पडले. "तू भांडला काहून नाही? उठून आत काहून नाही गेला?"

"कोणाशी भांडू, वो? एकानं जरी शिवी देल्ली असती, तं त्याच्या नरडीवर बसलो असतो. सारेच हात जोडून उभे." मग तो खिडकीकडे तोंड करून रडला. माझा मोठा भाऊ, भरल्या बसमध्ये. मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचंही सुचलं नाही.

गाव जवळ आलं तसे त्यानं डोळे पुसले आणि अगदी लहान आवाजात विचारलं, "तू तं पाह्यलं न? येते न मले अजून?"

"हौ," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली. त्यानंतर दादानं चेंडूला कधी पाय लावला नाही.