फुली म्हणजे रद्द

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आंबेगाव तालुक्यात लोखंडी सांगाड्याची पाच मजली इमारत उठवायची हौस आली ती पारगावकडच्या एका बागायतदारांना. सगळा गाव त्यांना भाऊ म्हणायचा, मीही म्हणायची. पुण्यात त्यांनी तशी एक इमारत पाहिली आणि तेव्हापासून सिमेंटची घरं त्यांना गोठ्यासारखी दिसू लागली. मी नुकती शिकून आलेली इंजिनिअर, शिवाय नात्यातली, म्हणजे हक्कानं दटावता येणारी. डिझाइन माझ्याकडे आलं.

मी त्यांना उत्साहानं सांगितलं की या बांधकामाला नदीची वाळू कमी लागते, आणि उद्या इमारत नकोशी झाली तर नटबोल्ट खोलून तेच गर्डर दुसरीकडे वापरता येतात. पर्यावरण भाऊंना लगेच पटलं. "म्हंजी वाटण्या झाल्या तर पोरं आपापला मजला खोलून नेत्याल," ते म्हणाले. शाश्वत बांधकामाची याहून प्रामाणिक व्याख्या मला पुढेही कुणी सांगितली नाही.

नुसते उभे खांब आणि आडवे गर्डर असले की सांगाडा ढिल्या खाटेसारखा डुलतो. म्हणून काही चौकटींत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरके लोखंडी अँगल टाकतात. नकाशावर ते फुलीसारखे दिसतात. मी प्रत्येक मजल्यावर फुल्या काढल्या, शेजारी त्या तिरक्या अँगलच्या नावाची दोन इंग्रजी अक्षरं टाकली आणि स्वतःवर खूश होऊन पुण्याच्या दुसऱ्या कामाला गेले.

ठेका भाऊंच्या व्याह्यांकडे होता. त्यांचा अनुभव ट्रॉल्या आणि कोंबड्यांच्या शेडी बांधण्याचा, पण व्याही म्हटल्यावर पात्रता कोण विचारतो? काही आठवड्यांनी मी परत आले तेव्हा चार मजले उभे होते, तांबडा रंगही लागला होता, आणि तिरका अँगल एकही नव्हता. मी विचारलं तर व्याही माझ्याकडेच कीव केल्यासारखे बघू लागले.

"तुमीच फुल्या मारल्यात की. फुली मारली म्हंजी रद्द."

आमच्याकडे मास्तरांपासून तलाठ्यापर्यंत सगळे फुलीचा हाच अर्थ लावतात. उलट मी लोखंड वाचवलं म्हणून व्याह्यांनी माझं चारचौघांत कौतुकही केलं होतं. भाऊंचं म्हणणं आणखी सोपं होतं: बरंच झालं, घराच्या तोंडावर फुली कोण ठेवतं? दसऱ्याला पाचव्या मजल्यावर झेंडा लावायचा होता आणि दसरा आठ दिवसांवर आला होता.

वर चौथ्या मजल्याच्या गर्डरवर डोंगरातल्या तळेघरकडचा एक माणूस बोल्ट आवळत होता. कमरेला एक दोर, तेवढीच त्याची सुरक्षा. त्याच्या वाडीतले आणखी दोघं सोबत होते. मी त्या तिघांना खाली बोलावलं आणि विचारलं, हालतं का?

"दुपारी वारं सुटलं की लई हालतं. तवा आमी खांबाला धरून बसून ऱ्हातो," तो म्हणाला. त्यानं व्याह्यांना सांगितलं होतं. लोखंड हालतंच, असं उत्तर मिळालं होतं.

माझं डोकं फिरलं. मी भाऊंशी भांडले, अंगावर इमारत येईल म्हणाले. भाऊ शांतपणे म्हणाले की इतके दिवस उभी राहिली, आणखी आठ दिवसांनी काय होतंय. माझ्या पदवीचा उपयोग तेवढ्यापुरताच होता. मग त्या माणसानं कमरेचा दोर सोडला आणि पाना भाऊंच्या टेबलावर ठेवला. आमच्याकडं छपराच्या आधी तिरकी लाकडं बांधतात, नाहीतर वारं घर घेऊन जातं, असं तो म्हणाला. "ते तिरकं बसल्याबिगर आमी वर जायाचो न्हाई." बाकीच्या दोघांनीही पाने ठेवले.

अँगल बसले. झेंडा दसऱ्याऐवजी दिवाळीला लागला. दर्शनी फुल्या झाकायला भाऊंनी स्वतःचा हात जोडलेला भलामोठा फोटो लावला.

शेवटचा बोल्ट बसल्यावर त्या माणसानं माझ्याकडे नकाशा मागितला. तो चौथीपर्यंत शिकला होता. त्यानं फुलीवर बोट ठेवलं.

"ही कुनी काढली?"

"मी."

"मंग खाली मराठीत का न्हाई लिवलं, हे काय हाय ते?"

वाटलं, कळेल, असं काहीतरी मी पुटपुटले.

"कुनाला?" त्यानं विचारलं, आणि नकाशाची घडी घालून माझ्या हातात दिली.