डिकीतला ओबडधोबड सांधा

श्रीरंग सबनीस माणूस वाईट नव्हता, पण हे कळायला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ कुणाकडे नसायचा. चिंचवडला त्याने गाड्यांच्या सांध्यांत सीलर भरणारे रोबो चालवले, जर्मनीत हॅनोव्हरलाही तेच केलं. तो कारखाना बंद पडला आणि स्वारी होल्गरच्या वर्कशॉपमध्ये येऊन पडली. तिथे जुन्या, दांडग्या अमेरिकन गाड्या पूर्ववत करायचे. श्रीरंगला त्या गाड्यांचा पहिल्याच दिवशी राग आला. पत्र्याला पत्रा भेटतो तिथे पाणी शिरू नये म्हणून सीलर भरतात, आणि यांच्यात तो पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी ब्रेडला चटणी फासावी तसा फासलेला.

"असं काम करणाऱ्याला आम्ही गेटबाहेर काढला असता," तो घरी बायकोला सांगायचा.

"तुझी प्रोबेत्साइट चालू आहे. कायम करेपर्यंत तोंड बंद ठेव," ऊर्मिला म्हणायची.

तोंड त्याने बंद ठेवलं. हात ठेवले नाहीत. होल्गर बाहेरगावी गेला तेव्हा त्याने ब्रांट नावाच्या गिऱ्हाइकाच्या लाल गाडीची डिकी उघडली. आतला सांधा मूळ कारखान्यातला, बोटांच्या फराट्यांसकट. श्रीरंगने तो खरवडून काढला आणि इतका सफाईने भरला की पाहत राहावं. त्या खडूस माणसाला शाबासकीची आशा होती, याचंच वाईट वाटतं.

होल्गरने परत आल्यावर डिकीत पाहिलं. आवाजही चढवला नाही.

"ब्रांटने ही गाडी या कोपऱ्यासाठी घेतली. इथे कुणाचा हात लागला नव्हता. उद्या तो येईल तेव्हा मी खरं सांगणार आहे. आता फोटो बघून होता तसा भर. त्याने गाडी परत नेली, तर तूही जायचं."

श्रीरंग भरायला बसला. सांधा सरळ यायचा. मुद्दाम वाकडा केला, तर मुद्दाम केलेला दिसायचा. होल्गर मागे उभा राहून दर वेळी "नाइन", म्हणजे नाही, एवढंच म्हणायचा, की पुसायचं आणि पुन्हा भरायचं. शेवटी श्रीरंगचं डोकं फिरलं. होल्गर, ब्रांट, बंद पडलेला कारखाना, तो कोण कुठला अमेरिकन कामगार, सगळ्यांचा राग एकदम उसळला. त्याने ब्रश भिरकावला, सीलर हातानेच थापला, अंगठ्याने रेटला आणि एक अस्सल मराठी शिवी हासडून बाजूला झाला. होल्गरने शेजारी फोटो धरला आणि या वेळी नाइन म्हणाला नाही.

ब्रांटने सगळं ऐकून दोघांनाही फैलावर घेतलं. मग बराच वेळ तो डिकीत डोकं घालून होता.

"मूळचं गेलं ते गेलंच," तो कडवटपणे म्हणाला. "पण हात तसाच आहे." आणि त्याने गाडी तिथेच ठेवली.

"आल्झो, तर मग," तो गेल्यावर होल्गर म्हणाला, "तू कायम. यापुढे सगळ्या गाड्यांचे सांधे तूच भरायचे. असेच."

श्रीरंगला त्याच्या तोंडावर नोकरी फेकायची होती. तोंडातून जर्मन होकाराचं "या" एवढंच आलं.

घरी ऊर्मिलेने देवापुढे साखर ठेवली. "मग तोंड पाडून का बसलायस?"

"जन्मभर एक रेघ वाकडी येऊ दिली नाही, त्याची इथे किंमत शून्य. आज रागाने थापलं, ते त्यांना आवडलं. आता रोज तसंच करायचं. रोज तेवढा राग आणायचा कुठून?"

"तो तुझ्याकडे आहेच की," ऊर्मिला म्हणाली. ती चिडवत नव्हती, म्हणून श्रीरंगला ते फार लागलं.