तांदळाएवढी चिप

स्टार्टर झकास फिरत होता. इंजिन पेटत होतं, एक हुंकार देत होतं आणि लगेच मरत होतं. परत किल्ली फिरवली की परत तेच. मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो आणि गाडीचा मालक विश्वास माझ्या मागं उभा राहून प्रत्येक हुंकाराला "आली, आली!" म्हणत होता. शेवटी मी त्याला टपरीवर चहा प्यायला पाठवलं. पेशंटचे नातेवाईक ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच बरे.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. वाळूजच्या एका कारखान्यात वायरिंग टेस्टिंगला होतो, नंतर बजाजनगरला स्वतःचं गॅरेज टाकलं. माझ्याकडे येतात त्या कंपनीच्या कामगारांच्या बाइक, शिफ्टच्या बस, रिक्षा. ही गाडी त्यातली नव्हती. परदेशी बनावटीची, दोन दरवाजांची, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली बसलेली लाल स्पोर्ट्स कार. वय वीसच्या वर. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलेलं. विश्वासच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, ती मुंबईहून सेकंडहँड आणली होती. पडेगावला घर, गंगापूरकडे ऊस, वाळूजमध्ये ट्रकचा धंदा, आणि सगळ्या आयुष्यात हौस एवढी एकच. दर रविवारी धोतर नेसून, डोक्याला टोपी घालून ते खुलताबादचा घाट चढून यायचे. रस्त्यावरची पोरं शिट्ट्या मारायची आणि अप्पा हात वर करायचे.

अप्पा गेले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली ती उभीच. वर्षश्राद्ध तोंडावर आलं तेव्हा विश्वासनं ती टो करून माझ्याकडे आणली.

"साळवेमामा, श्राद्धाच्या आत चालू झाली पायजे. लई मोठा शब्द देऊन बसलोय."

"कुनाला?"

"अप्पांना. दहाव्याला."

आम्ही बौद्ध, आमच्यात पिंडदान नाही. पण शेजारीपाजारी सगळं बघितलेलं असतं. दहाव्याला नदीवर पिंड ठेवतात. कावळा शिवला तर मेलेल्याची इच्छा पुरी झाली. नाही शिवला तर घरच्यांनी एकेक वचन द्यायचं, कावळा शिवेपर्यंत. कायगाव टोक्याला गोदावरीकाठी, आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात, अप्पांच्या पिंडाला कावळा शिवेना. धाकट्या बहिणीचं लग्न करीन म्हणून झालं, जमीन फोडणार नाही म्हणून झालं. कावळे झाडावर बसून बघत राहिले. शेवटी विश्वास म्हणाला, "अप्पा, तुमची गाडी इकनार नाय. चालती ठेवीन." मग शिवला, असं त्यानं मला सांगितलं. मधे काय झालं ते त्यानं तेव्हा सांगितलं नाही. लपवलं असंही नाही, त्याला ते महत्त्वाचं वाटलंच नाही.

घरी त्याची आई, माई, रोज विचारायची. गाडी सुरू झाल्याशिवाय नवरा वाटेतच अडकलाय, अशी तिची पक्की समजूत. म्हणजे माझ्याकडे आलेली गाडी नुसती गाडी नव्हती. मी मनात म्हटलं, साळवे, हे झेंगट घेऊ नको. आणि तोंडानं म्हटलं, "बघतो."

आता थोडं शास्त्र. गाडी सुरू होत नाही म्हणजे दोन प्रकार. किल्ली फिरवल्यावर नुसतं टिक् होतं किंवा काहीच होत नाही, तेव्हा दोष बॅटरी, केबल, रिले किंवा स्टार्टरमध्ये. स्टार्टर इंजिन फिरवतोय पण इंजिन पेट घेत नाही, तेव्हा दोष ठिणगीत किंवा पेट्रोलमध्ये. या गाडीनं आल्या आल्या पहिला प्रकार दाखवला. बॅटरी मेलेलीच होती. नवीन टाकली. बॉडीला जोडलेली अर्थची पट्टी पांढरी पडून कुजली होती, ती बदलली. स्टार्टर फिरला. मग सुरू झाला दुसरा प्रकार, हुंकार आणि मरण.

पेट्रोल वर्षभर उभं होतं, त्याला वार्निशसारखा वास मारत होता. टाकी रिकामी केली, नवीन भरलं. हुंकार, मरण. पंपाचं प्रेशर तपासलं, बरोबर. प्लग काढले, काळे होते, बदलले. कॉइल म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टपासून ठिणगीपुरतं हजारोंचं व्होल्टेज करणारा डबा, तोही ठीक. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा क्रँक सेन्सर असतो. तो गेला तर असंच होतं. मुंबईच्या भंगार बाजारातून तसाच सेन्सर मागवला. तो येईपर्यंत मी खुशीत होतो, सापडलं म्हणून. बसवला. हुंकार, मरण. माझा स्कॅनर लावला तर तो या गाडीशी बोलायलाच तयार नाही. तिची भाषा जुनी, याची नवी.

गॅरेजमधली दुसरी कामं तुंबली. रिक्षावाले माझ्या नावानं बोटं मोडायला लागले. विश्वास रोज यायचा, बॉनेटवर हात ठेवायचा आणि जायचा. त्या हाताचा मला त्रास व्हायला लागला होता. मी तीस वर्षं वायरी वाचतोय, आणि ही बया मला रोज सकाळी हुंकार देऊन वेडावत होती. जेवण जाईना. बायको म्हणाली, "एवढं तर तुमची सासू गेली तवाबी नव्हतं." ते खरं होतं.

वैतागून मी मीटरचं पॅनेल उघडलं. खरं तर दुसरीच एक वायर बघायची होती. तिथं एक बारका बल्ब उडालेला दिसला. उडालेला बल्ब दिसला की बदलायचा, ही हाताची सवय. बदलला, किल्ली फिरवली. मीटरवर किल्लीचं पिवळं चित्र उघडमीट करायला लागलं. मी किल्ली काढून तळहातावर घेतली, वजन पाहिलं. हलकी होती.

या गाड्यांच्या मूळ किल्लीच्या प्लास्टिकमध्ये एक चिप असते, काचेत बंद केलेली, तांदळाच्या दाण्याएवढी. किल्ली आत घातली की गाडी त्या चिपला खूण विचारते. खूण पटली तर इंजिन चालू राहतं. नाही पटली तर गाडी समजते चोर आलाय, आणि पेटलेलं इंजिन स्वतःच बंद करते. याला इमोबिलायझर म्हणतात. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. ती पहिल्या दिवसापासून आपलं काम चोख करत होती. माझ्या हातातली किल्ली शहागंजमध्ये घासून केलेली डुप्लिकेट होती. दार उघडायला ठीक, डिकी उघडायला ठीक, आत तांदूळ नाही.

विश्वासला फोन केला. "मूळ किल्ली कुठाय?"

"कोनची मूळ?"

"अप्पा वापरायचे ती. काळ्या प्लास्टिकची, जाड."

मग म्हणाला, "मामा, ती गंगेत सोडली."

मग उरलेली गोष्ट कळली. विश्वासनं वचन दिलं तरी कावळा हलला नव्हता. तेव्हा मागून माई म्हणाली, "त्यांची किल्ली द्या त्यांना. तिच्यात जीव व्हता त्यांचा." तिनं पदराच्या गाठीतून किल्ली सोडली, विश्वासच्या काकानं ती पाण्यात सोडली, आणि कावळा खाली उतरला. डुप्लिकेट घरात होतीच, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. सेकंडहँड गाडीबरोबर मूळ किल्ली एकच आली होती, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. गाडी चालती ठेवीन असा शब्द दिला आणि त्याच घटकेला गाडी कायमची बंद केली. मला हसू आलं. पण विश्वास म्हणाला, "माईला सांगू नका. हात जोडतो."

काच पाण्यात कुजत नाही. चिप कदाचित अजून जिवंत असेल, असं मी बोलून गेलो. बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी विश्वास मला घेऊन कायगावला गेला. धरणाचं पाणी पार वरपर्यंत तटलेलं. त्यानं दोन भोई पाण्यात उतरवले. त्यातला थोरला दम खात काठावर आला आणि मूठ उघडून दाखवली. नाणी, तांब्याचा तुकडा, आणि किल्ल्या. कपाटाच्या, कुलपाच्या, एक स्कूटरची.

"सायेब, हितं लोकं काय काय सोडत्यात. चष्मे सोडत्यात, कवळ्या सोडत्यात. किल्ल्या तर लई. तुमची कोनती, कसं वळखावं?"

विश्वासनं एकेक किल्ली उलटून पाहिली. त्यात अप्पांची नव्हती. भोई दुपारपर्यंत बुडत राहिले आणि तो गुडघाभर पाण्यात पँटसकट उभा राहिला. मी त्याला चला म्हणालो नाही. माझ्याच्यानं म्हणवलं नाही.

मग मुंबईच्या शोरूमला फोन. तिथल्या सर्व्हिस मॅनेजरनं गाडीचा चासी नंबर घेतला आणि थोड्या वेळानं कळवलं, "सर, या मॉडेलचा सपोर्ट बंद झाला आहे. नवीन किल्ली कोड होणार नाही."

"मग काय करायचं?"

"ईसीयू, इमोबिलायझर आणि किल्ली असा पूर्ण सेट लागेल. आमच्याकडे नाही. बाहेरही मिळेल असं वाटत नाही."

ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. तो आणि किल्ली एकमेकांना ओळखतात, परक्याला नाही. उरला एकच रस्ता. दिल्लीत एक माणूस हे कॉम्प्युटर उघडून त्यातला चोर ओळखणारा भाग कायमचा बंद करून देतो, असं एका ओळखीच्यानं सांगितलं. मी विश्वासला स्पष्ट म्हणालो, "जुना बोर्ड हाय. उघडताना जळू शकतो. मग हुंकारसुद्धा येनार नाय."

"नुसत्या हुंकाराचं काय करू मामा? पाठवा."

पाठवला. परत आला तेव्हा ईसीयूचा डबा नवीन सिलिकॉन लावून नीट बंद केलेला होता, म्हणून मला जरा आशा वाटली. गाडीत बसवून किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, फिरत राहिला. ठिणगी नाही. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मुके. डबा उघडला तर आतला एक कोपरा करपलेला. दिल्लीवाला फोनवर म्हणाला, "भाईसाब, वो तो पहले से ऐसा था।" मी त्याला दोन-चार शिव्या दिल्या आणि फोन ठेवला. शिव्यांनी बोर्ड दुरुस्त होत नाही हे मला ठाऊक आहे. एवढे दिवस तो हुंकार ऐकून मी चिडत होतो. आता तो नव्हता, आणि मी गॅरेजचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी माई आली. रिक्षानं, एकटी. तिला मी पहिल्यांदाच बघत होतो. काठी टेकत आली, गाडीला हात लावला आणि मी पुढं केलेल्या स्टुलावर बसली.

"झाली का ओ?"

"नाय माई. पंप गेलाय हिचा. पार्ट मिळंना."

"विश्वास म्हनला बॅटरी गेली."

आम्ही दोघांनी एकमेकांना विचारून तरी खोटं बोलायला हवं होतं. मी स्पॅनर उचलला आणि उगाच पुसत बसलो. माई माझ्याकडे बघत होती.

"कायगावला पानबुडे घातले व्हते म्हनं त्यानं. काकाच्या पोरानं सांगितलं. पंपासाठी कोन गंगेत पानबुडे घालतं?"

मी स्पॅनर खाली ठेवला.

"त्या किल्लीत काय व्हतं का?"

नाही म्हणायला मला एवढासा वेळ पुरला असता. पण सकाळी सकाळी माझ्या स्टुलावर बसलेल्या त्या बाईला मला खोटं सांगता आलं नाही. मी सांगितलं. चिप, खूण, तांदळाचा दाणा, सगळं. तिला समजेल अशा भाषेत सांगितलं, आणि ते तिला लगेच समजलं. मला वाटत होतं समजू नये.

"म्हंजी मीच अडिवलं त्यांना."

"नाय माई, तुमाला काय ठाऊक..."

"मंग त्या दिशी कावळा शिवला कशाला?"

मी वायरिंगचा माणूस. अशा प्रश्नाला आमच्या घरात एक सरळ उत्तर आहे, आणि एरवी ते मी चारचौघांत ठणकावून देतो. कावळा हा पक्षी आहे. पण त्या बाईपाशी तेवढाच एक कावळा उरला होता. मी म्हणालो, "मला नाय ठाऊक, माई." ती उठली. रिक्षापर्यंत मी तिचा हात धरला. रिक्षात बसल्यावर तिनं मला पुन्हा तेच विचारलं, जणू मघाशी मला ऐकू आलं नव्हतं. रिक्षा गेली.

श्राद्ध झालं. मला जेवायचं बोलावणं होतं, मी गेलो नाही. गाडी टो करून पडेगावच्या शेडमध्ये परत नेली. जुन्या ईसीयूचा सेट कुठं दिसतो का ते मी अजून बघतो. मिळालेला नाही. विश्वास आता फोन करत नाही. माईनं शेडकडे जाणं सोडलंय, असं त्याच्या ड्रायव्हरकडून कळलं.

यातून मी शिकलो ते एवढंच. जुनी गाडी बंद म्हणून कुणी आलं, की बॅटरी, प्लग, पेट्रोल सगळं नंतर. आधी विचारायचं, मूळ किल्ली कुठाय. आणि घरात कुणी गेलं असेल तर हेही विचारायचं, की नदीवर काय काय सोडलं. लोक विचित्र बघतात. बघू देत. किल्ली खिशातून निघाली तर मी बॉनेट उघडतो. नाही निघाली तर आधी चहा मागवतो, कारण पुढचं सांगायला वेळ लागतो.