आमच्या बॅचला वगळून

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. तेलीबागेत आमच्यासारखी मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाबा भंडाऱ्याहून सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी लखनौला आले आणि इथलेच झाले. आमच्या लोकांत डॉक्टरेट झालेले एकच, काका. नात्याचे नव्हेत, पण आमच्याच जिल्ह्यातले. विद्यापीठात फार्मसीचा नवा विभाग निघाला आणि ते त्याचे प्रमुख झाले, तेव्हा बाबांनी कारखान्यात पेढे वाटले. मला बीएस्सीला घालायचं ठरलं होतं. काका घरी जेवायला आले, आईनं केलेलं भरीत दोनदा मागून घेतलं आणि म्हणाले, "पोरीला माझ्याकडे पाठवा. पुढची जबाबदारी माझी."

त्यांचा मुलगाही माझ्याच वर्गात होता. मी मराठीत बोलायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा.

तिसऱ्या वर्षाला असताना बातमी फुटली. दिल्लीच्या फार्मसी परिषदेनं विभागाची तपासणी करून मान्यता प्रोबेशनवर टाकली होती. प्रयोगशाळा अपुरी, शिक्षक अपुरे. वर्षभरात सुधारणा नाही झाली तर मान्यता रद्द. मान्यता नसलेल्या पदवीवर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. म्हणजे शिकून न शिकल्यासारखंच.

विद्यापीठानं पालकांची सभा बोलावली. व्यासपीठावर मोठी माणसं बसली होती, पण बोलले काकाच. लखनवी हिंदीत, अगदी नजाकतीनं. "एक भी बच्चे का साल बरबाद नहीं होगा. ये मेरी ज़बान है." सभागृहात टाळ्या पडल्या. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेले बाबा उभे राहिले. चारचौघांत कधी तोंड न उघडणारा माणूस. आपल्या मोडक्या हिंदीत त्यांनी विचारलं, "साब, जो बच्चे अभी पढ रहे, उनका रजिस्ट्रेशन पक्का होगा ना?"

काकांनी चष्मा सावरला. "आपकी तारीफ़? किस बच्चे के वालिद हैं आप?"

‘आपण कोण’ या प्रश्नानं बाबा गोंधळले. त्यांनी माझं नाव सांगितलं. काकांनी मान डोलावली, धीर द्यावा तसं "इत्मीनान रखिए," म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

घरी आल्यावर आई संतापली. "ताटाला ताट लावून जेवला तो माणूस, अन् ओळख नाही दाखवली?" बाबा म्हणाले, "अगं, मंचावर आहे तो. ओळख दाखवली असती तर लोक म्हणाले असते, आपल्या माणसांना सांभाळतो." बाबांचा त्यांच्यावर इतका विश्वास होता.

वर्गातली काही पैसेवाली मुलं दुसरीकडे गेली. मलाही दुसरीकडे पाठवायचं का, असं बाबांनी काकांना घरी जाऊन विचारलं. काका म्हणाले, "घाबरू नका. मी आहे ना." मी राहिले. पण सुट्टीनंतर काकांचा मुलगा वर्गात दिसेना. आजारी असेल म्हणून चौकशीला गेले, तर काकूंनी सहज सांगितलं, "तो नागपूरला नाही का! ॲडमिशन उन्हाळ्यातच झाली. तुला सांगितलं नाही त्यानं?" एवढ्यात काका बाहेर आले.

खूप बोलायचं होतं. निघालं एवढंच, "काका, आम्हाला का नाही सांगितलं?"

त्यांनी आधी काकूंना आत जायला सांगितलं. मग म्हणाले, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता. तुमच्यामागे बाकीचे गेले असते. विद्यार्थीच नसतील तर विभाग कोण वाचवणार? आपल्या माणसाला असा विभाग पुन्हा मिळणार आहे का? तू समजून घे."

मी समजून घेतलं नाही. चहा न घेता निघाले. बाबांना सांगितलं तेव्हा ते सायकलची चेन पुसत होते. "मला तरी सांगायचं होतं त्यानं," एवढंच बोलले आणि पुसलेलीच चेन पुन्हा पुसत राहिले.

मान्यता गेली. काकांनी मात्र हार मानली नाही. दिल्लीच्या खेपा घातल्या, यंत्रं आणली, माणसं नेमली, आणि काही वर्षांनी मान्यता परत मिळवली. ती पुढच्या बॅचेससाठी होती. आमची वगळली होती. तोवर मी माझ्याहून लहान मुलींच्या बाकावर बसून बीएस्सी पहिल्यापासून केलं होतं आणि शाळेत रसायनशास्त्र शिकवू लागले होते.

पुढे आईच्या औषधांसाठी एका दवाखान्यात गेले होते. खिडकीमागची तरुण फार्मासिस्ट पुड्या बांधताना गोळ्या कधी घ्यायच्या ते इतकं नीट समजावत होती, की मी विचारलं, कुठे शिकलीस? तिनं आमच्याच विभागाचं नाव घेतलं. मग म्हणाली, "हमारे सर बहुत लड़े थे हमारे लिए. वो न होते तो हम यहाँ न होते."

ती खोटं बोलत नव्हती. म्हणूनच मला तिथे उभं राहवेना. औषधं पिशवीत टाकून मी रिक्षात बसले, आणि घरी आईनं "काय झालं गं?" विचारलं तेव्हा काही नाही म्हणाले.